पेट्रोलचे दोन काटे

नोव्हेंबर 1947. सॅन डिएगोच्या आकाशात एक मोटार चालली होती. अक्षरशः मोटार: चार चाकं, चार माणसांची जागा, फायबरग्लासची बॉडी. टपावर तेवढे विमानाचे पंख आणि 190 अश्वशक्तीचं वेगळं इंजिन. कॉनव्हेअर कंपनीचं हे वाहन तासाभराच्या प्रात्यक्षिकाला निघालं आणि हवेतच पेट्रोल संपलं. म्हणे वैमानिकाने निघण्यापूर्वी टाकी भरल्याची खात्री केली होती. फक्त बघितला तो मोटारीचा काटा. विमानाची टाकी वेगळी, तिचा काटाही वेगळा!

मोटारीचा चेंदामेंदा झाला, वैमानिकाचं किरकोळ जखमांवर निभावलं. रस्त्यात पेट्रोल संपलं तर माणूस गाडी कडेला घेतो, बाटली घेऊन पंपाच्या दिशेने चालू लागतो, निघताना मागच्या सीटवरून चार शब्द ऐकून घेतो. आकाशाला कड नसते, ही त्यातली खरी अडचण.

कॉनव्हेअरची योजना मात्र मोठी गोड होती. गाडी विकत घ्यायची, पंख विमानतळावरून भाड्याने आणायचे. कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर सायकल आणावी तसे.

उडती मोटार बनवणारा दुसरा गडी मोल्टन टेलर त्या मानाने व्यवहारी. त्याची एरोकार 1949 मध्ये उडाली आणि 1956 मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्रही मिळालं. खाली उतरलं की पंख नि शेपूट दुमडायचं आणि ट्रेलरसारखं मागे बांधून घरी न्यायचं. एका कंपनीने 500 मागण्या आल्या तर कारखाना काढू म्हटलं. आल्या निम्म्याच्या आसपास. लोकांचंही चुकलं नाही. पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर घासून गेली तर साधी गाडी फडक्याने पुसून भागतं. उडत्या गाडीला पोचा आला, की तो नुसता पोचा आहे की पंखाच्या सांध्याला धक्का बसलाय, हे तपासल्याशिवाय वर जाणं शहाणपणाचं नाही.

सांध्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीच. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात फोर्ड पिंटो मोटारीला सेसना विमानाचे पंख जोडून ‘मायझर’ तयार केली होती. चाचणीत पंखाचा आधारदांडा मोटारीपासून सुटला आणि ती बनवणारे हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरल्ड ब्लेक दोघेही गेले.

स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइनची गाडी 2015 मध्ये चाचणीत कोसळली, तेव्हा पॅराशूटने त्याला वाचवलं. गडी बधला नाही. जून 2021 मध्ये नव्या ‘एअरकार’मधून तो नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत उतरला. पंख अडीच मिनिटांच्या आत घडी झाले आणि तो गाडी चालवत शहरात निघून गेला. मात्र हिला उडायला धावपट्टी लागते, उडवायला वैमानिकाचा परवाना. म्हणजे ट्रॅफिकला कंटाळलेल्या माणसाने आधी ट्रॅफिकमधूनच विमानतळ गाठायचा.

एरोकारवाल्या टेलरने सगळ्या मिळून सहाच गाड्या बांधल्या. त्यातली एक लालचुटूक एरोकार सिएटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये आहे. तिचा पार्किंगचा प्रश्न तेवढा कायमचा सुटलाय.