काका, तुमच्या शब्दाबाहेर का आहोत!

बिबवेवाडीत जुन्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला, की बिल्डरच्या जिभेवर साखर येते. ‘काका, तुम्ही म्हणाल तसं!’ म्हणत मिठाईचा बॉक्स टीपॉयवर. काकूंच्या पोह्यांची तारीफ तर जाता-येता. काका हरभऱ्याच्या झाडावर, काकू त्याहून वरच्या फांदीवर. २००९च्या शासकीय निर्देशांत तीन चतुर्थांश बहुमत लागायचं, तेव्हा ही लाडीगोडी भरपूर लांबायची. ४ जुलै २०१९च्या निर्णयाने ५१ टक्क्यांवर भागवलं आणि चोवीस टक्के काकांची मिठाई बुडाली. (ह्या नुकसानीची भरपाई कोणत्याही करारनाम्यात नाही.) एक्कावन्न झाले, की उरलेल्यांना कोणी चहासुद्धा विचारत नाही. थेट वकिलाची नोटीस येते. तीही इंग्रजीत.