उसाला तोड, बर्फाला मुहूर्त

निपाणीच्या माणसाला थंडीची हौस फार आणि सवय अजिबात नाही. डिसेंबरात तवंदी घाटाकडून जरा गार वारं आलं की कानटोप्या बाहेर निघतात आणि चहाच्या टपरीवर 'यंदा थंडी लई हाय' हा ठराव एकमतानं मंजूर होतो. अशा गावातल्या माणसांनी बर्फ बघायला हिमालयात जायचं ठरवावं, यालाच हिंमत म्हणतात. आमच्या घरात हा बेत किती जुना आहे म्हणाल, तर निपाणी कुठल्या राज्यात असावी याचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००४ साली गेला, आमचा विषय त्याच्याही आधीचा. त्या खटल्यात निदान वकील तरी आहेत. आमच्याकडं सगळेच न्यायाधीश.

अडचण पैशाची नाही, महिन्याची आहे. चैत्रापासून सुरुवात करू. श्रीनगरची ट्युलिप बाग मार्चअखेरीला उघडते आणि जेमतेम तीन-चार आठवडे फुललेली असते. बायकोनं फोटो दाखवले, "अहो, फुलं पण आणि वर गुलमर्गला बर्फ पण, एका खर्चात दोन्ही!" हिशेब बिनतोड होता. पण चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. आई म्हणाली, "देवाच्या सासनकाठीला पाठ दाखवून फुलं बघायला जाणार व्हय रे?" दादाचं वेगळंच. त्याचा तंबाखू वखारीत पडलेला, व्यापारी दर सांगेना, आणि दर कळल्याशिवाय निपाणीचा शेतकरी परगावी मुक्काम करत नाही.

मे महिना म्हणजे लग्नं. त्यातूनही आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी मनालीला जाऊन आले. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. तिथं जायला परवाना लागतो, दिवसाला १,२०० गाड्यांचीच मुभा, आणि दुरुस्तीसाठी मंगळवारी बंद. मंगळवारी बंद म्हटल्यावर आईला रोहतांगबद्दल एकदम आदर वाटायला लागला. वार पाळणारी खिंड तिनं पहिल्यांदाच ऐकली होती. गुरुजी भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून वर पोचले, तर सांगली, सातारा आणि कोल्हापूर आधीच येऊन बर्फावर बसलेलं. खाली हॉटेलवाल्यानं आधार कार्डावर 'कर्नाटक' वाचलं आणि सकाळी मोठ्या प्रेमानं इडली-सांबार पुढं केलं. गुरुजी सीमालढ्यातले. त्यांनी इडली खाल्ली, पण निषेध नोंदवून.

मृग लागला की बर्फाचं नाव काढायचं नाही. हिमाचलात जुलै-ऑगस्टला दरडी कोसळतात, रस्ते वाहून जातात. लडाख मात्र पर्जन्यछायेत, त्यामुळं तिकडं जायचे तेच दिवस. पण लेह ३,५०० मीटरवर. तिथं उतरल्यावर पहिले दोन दिवस काही न करता पडून राहायचं, म्हणजे विरळ हवा अंगाला सोसते, असं डॉक्टर सांगतात. दादा म्हणाला, "दोन दिस झोपायला एवढ्या वर कशाला जायचं? माळ्यावर झोप की!" शिवाय पावसाळ्यात बेंदूर, मग तंबाखूची लावण, मग श्रावण, मग गणपती. गणपतीला घर सोडून लेहला जाऊन झोपलेला माणूस आमच्या भावकीत पुन्हा उभा राहू शकत नाही.

ऑक्टोबर खरं तर सोन्यासारखा. काश्मीरात चिनार तांबडे व्हायला लागतात, महिनाअखेरीला पांपोरला केशर फुलतं. पण इथं सीमाप्रश्न आडवा येतो. धाकटा निपाणीतल्या शाळेत, म्हणजे कर्नाटकात. त्याला मोठी सुट्टी दसऱ्याची. थोरली देवचंद कॉलेजात. हे कॉलेज सगळं जग निपाणीचं म्हणून ओळखतं, पण ते उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिला सुट्टी दिवाळीची. एक घरी असतं तेव्हा दुसरं वर्गात. महाजन आयोगानं १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. ते ऐकलं असतं तर आमच्या पोरांनी एव्हाना चिनार बघितले असते. सीमाप्रश्नाचा हा पैलू अजून कुणी न्यायालयात मांडलेला नाही.

आता खरा बर्फ. काश्मीरात २१ डिसेंबरला 'चिल्लई कलां' बसतो. चाळीस दिवस कडाका, त्यानंतर वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडं पावसाला तरणा आणि म्हातारा म्हणतात, त्यांच्याकडं थंडीला लेकरू झालेलं. हे वाचून दादा पहिल्यांदाच खूश झाला. नक्षत्र पाळणारी माणसं म्हणजे आपलीच. पण त्या चाळीस दिवसांत नळ गोठतात, महामार्ग बंद पडतो, विमानं रद्द होतात, हेही त्यानं पुढं वाचलं. आईचा एकच प्रश्न, "नळ गोठल्यावर आंघोळ?" लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, असं मी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो विषय मी पोटातच ठेवला.

राहिला फेब्रुवारी. बर्फ भरपूर, थंडी थोडी उतरलेली, गर्दी मे महिन्याच्या मानानं कमी. गुलमर्गची गंडोला अफरवटच्या कुशीत नेऊन सोडते. सगळं उत्तम. पण तेव्हाच तंबाखूची कापणी, थोरलीची बारावी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ऊस. उसाला तोड कधी येईल हे कारखान्याला माहीत नसतं, मुकादमाला माहीत असतं पण तो सांगत नाही. त्यात बाहेरचं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीरात चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे कळल्यावर दादा ताडकन उठला. "म्हंजे तोड आल्यावर मुकादमाचा फोन लागायचा न्हाई?" त्या दिवसापुरतं काश्मीर मिटलं.

प्रवासाचंही सांगतो. ६ जून २०२५ ला कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली. ती चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. म्हणजे रेल्वे हिमालय फोडून पार झाली, निपाणीला मात्र अजून आलेली नाही. आम्हाला उत्तरेला जायचं तर आधी दक्षिणेला बेळगाव गाठायचं आणि गोवा एक्स्प्रेसनं दोन रात्री काढत दिल्लीला उतरायचं. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. हा बदल बहुधा आमच्यासाठीच केला असावा. १२० दिवसांत आम्ही तारीख ठरवून ती दोनदा मोडत होतो. आता एकदाच मोडता येते.

खाण्याची तयारी मात्र केव्हाच पूर्ण झाली आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा, धपाटे, भडंग. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. दर साली तिच्यात एक पदार्थ वाढतो आणि जाणारा एक माणूस. आत्या, मेव्हणा, मेव्हण्याचा साडू. एवढ्या माणसांना एकदम मोकळा असा महिना पंचांगात नाही.

तेव्हा निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, गडहिंग्लज भागातल्या वाचकांना हात जोडून सांगणं एवढंच: तंबाखू, ऊस, लग्न, यात्रा आणि दोन राज्यांच्या सुट्ट्या सांभाळून बर्फाला मुहूर्त कधीही निघत नाही. फेब्रुवारीचा मधला आठवडा धरा, साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढा, कार्ड पोस्टपेड करून घ्या आणि मगच घरात बोला. भावकीत तर बेळगाव सोडल्यावरच कळवा.