हजार मीटरचा नाखवा

हर्णैच्या आमच्या नाखव्यांनी होडीवर फिशफाइंडर बसवला, त्याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. जाळी पडतात वीस वावांत. यंत्र हजार मीटरचा तळ दाखवणारे. उथळ पाण्याला 200 किलोहर्ट्‌झ पुरते, पण 50 खोल पोचते म्हणून तेही घेतले. समुद्र उद्या खोल झाला तर? पडदा बारा इंची, कारण सात इंचांत सुरमई अवघडते. जीपीएस दोन, एकाला एकटे वाटू नये. तांडेल पाण्याचा रंग आणि पाखरांचा थवा बघून जाळे टाकायचा, ती अशास्त्रीय पद्धत अर्थातच बंद.

परवा पडद्यावर माशांचा भलामोठा घोळका दिसला. आसपासच्या होड्या दाखवणाऱ्या एआयएसवर पाहिले, तर त्याच घोळक्याभोवती चाळीस होड्या. यंत्र सगळ्यांकडे तेच.

घोळका निसटला. पाच तारखेला यंत्राच्या हप्त्यासाठी बँकेने मात्र नाखव्यांना अचूक शोधून काढले, तेही फिशफाइंडरशिवाय.