तात्काळ सादर करावे

भोरला जा, पाटणला जा, नाहीतर थेट जव्हारला. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर आरशाला हेल्मेट आणि हँडलला फुगलेली रेग्झिनची पिशवी लटकवलेली मोटारसायकल दिसली की समजावं, केंद्रप्रमुख आलेत. हेल्मेट डोक्यावर कधी नसतं, कारण डोकं आणि खांदा यांच्यामध्ये सदैव फोन असतो.

त्या पिशवीत केंद्राचं अख्खं कार्यालय असतं. प्रपत्र अ, ब आणि क, गेल्या वर्षीचं ड, दोन शिक्के, वाळलेलं स्टॅम्पपॅड, चार्जर, बीपीच्या गोळ्या आणि पहिलीच्या पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या. घाईत कधी कोणत्या गोळ्या कुणाला जातील याची मला धास्ती वाटते. कागदोपत्री केंद्रशाळेत त्यांना एक खोलीही आहे. तिथे तांदळाचे कट्टे राहतात.

शासनाने ही पदं १९९४ साली निर्माण केली, राज्यभरात ४,८६०. दहाएक शाळांमागे एक जाणता शिक्षक असावा, त्याने वर्गात मागे बसून बघावं, नव्या गुरुजींचं कुठे अडतंय ते हेरून स्वतः खडू हातात घेऊन दाखवावं, असा विचार होता. चांगलाच होता. पुढे कित्येक पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि जो जागेवर होता त्याच्या गळ्यात शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार पडला. मग वर्गात मागे बसणं गेलं आणि माहिती मागणं आलं.

माहिती मागण्यात मात्र हा माणूस निष्णात. सकाळी ११.४० ला ग्रुपवर पडतं : ‘सर्व मु.अ., सोबतच्या लिंकवर स्वच्छतागृहांची माहिती १२ वाजेपर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. अतितात्काळ.’ कुणी नवखा विचारतो, सर, ही तर यू-डायसला भरली होती. उत्तर येतं, ‘ती यू-डायसची. ही वेगळी.’ स्वच्छतागृह तेच, दाराची तुटलेली कडीही तीच, पण लिंक वेगळी. यात त्यांचा दोष नाही हेही सांगितलं पाहिजे. पत्र वरून निघतं तेव्हा त्याला चांगली चार दिवसांची मुदत असते. ते जिल्ह्याच्या टेबलावर विसावतं, तालुक्याच्या टेबलावर लवंडतं, आणि वाडीवर पोहोचतं तेव्हा हातात वीस मिनिटं उरलेली असतात.

त्यात वाडीवरच्या शाळेला रेंज नाही. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी म्हणून ही शाळा आहे, आणि ती आहे म्हणून वाडीतल्या मुली शिकताहेत, हे आधी मान्य करू. पट १७, वर्ग चार. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक या नियमाने दोघं आहेत, पैकी गुरुजी मतदारयादीच्या प्रशिक्षणाला, शाळेत एकट्या बाई. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शाळाबाह्य काम देऊ नये असं शिक्षणहक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं. कलम काटेकोर पाळलं जातं, कारण निवडणूक नसते तेव्हा मतदारयादी असतेच.

पट तीसच्या आत, म्हणून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, कौलांची डागडुजी, निदान दहा टक्के स्वच्छतेवर, आणि उरलंच तर वीजबिल. ते उरलं नाही, म्हणून वीज तोडली. लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही भिंतीवर आहे. त्याच्या काळ्या काचेत बघून मुली वेण्या नीट करतात.

“बाई, टीव्हीचा वापर होतो ना?” भेटीला आलेल्या केंद्रप्रमुख साहेबांचा पहिला प्रश्न.

“रोज होतो, सर.”

साहेबांनी खूण केली. मग खिचडीकडे वळले. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ. सतराने गुणून साठा-नोंदवही तपासली, चव-नोंदवही उघडली आणि ‘चव उत्तम’ लिहून सही ठोकली. चुलीपाशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, “साहेब, मीठ टाकायचंय अजून.”

“टाका, टाका,” साहेब उदारपणे म्हणाले.

आता फोटो काढून निघायचं, एवढ्यात तिसरीतल्या एका पोराच्या पाटीकडे नजर गेली. ५२ वजा १७, उत्तर ४५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन घालवले होते. साहेबांनी पिशवी खाली ठेवली. अशा वेळी हा गृहस्थ बदलतो, आणि मला तो मनापासून आवडायला लागतो. काड्यांचे गठ्ठे मागवले, जमिनीवर फतकल मारली, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पोरासमोर मांडल्या.

“मला सात सुट्या दे. आहेत?”

“नाहीत. दोनच हायेत.”

“मग काय करशील?”

“शेजारून आनीन.”

साहेब खदखदून हसले. “शेजारी कशाला? तू घरात पाच गठ्ठे बांधून बसलायस!” पोराने गठ्ठ्यांकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. पस्तीस आले. मग दुसरीतली पोरं सरकून आली, मग चौथीतली. पोरं साहेबांना उधारीवर काड्या द्यायला लागली. टेबलावर फोन मुका पडला होता. बाई दोनदा म्हणाल्या, “सर, ती बारा वाजताची माहिती...” टाकीवर चढलं की एक कांडी रेंज येते, आणि त्यांना चढायचं होतं. साहेब म्हणाले, “थांबा हो जरा.”

‘असर’चा अहवाल २००५ पासून हेच तपासतो : पोराला वाचता येतं का, वजाबाकी येते का. तो निघाला की आपण आठवडाभर हळहळतो, आणि वरून एक नवी लिंक येते. बारा वाजता ज्याच्या मांडीवर चार वर्गांची पोरं रेलली होती, त्याची त्या लिंकमध्ये गैरहजेरी लागते.

खिचडी खाऊन (मीठ जरा जास्तच झालं होतं) साहेबांनी शेरेबुकात ‘गणित संबोधावर भर द्यावा’ लिहिलं, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, नीट बघून, आणि फोन खांद्यात धरून घाट उतरले.

रात्री पावणेदहाला ग्रुपवर त्यांचा निरोप आला. नऊ शाळांची माहिती प्राप्त. वाडीच्या शाळेने अद्याप माहिती सादर केलेली नाही, ही बाब अत्यंत खेदाची आहे. विलंबाचा खुलासा तात्काळ सादर करावा.

बाई टाकीवर चढल्या आणि खुलासा सादर केला : ‘आज शाळेस मा. केंद्रप्रमुख साहेबांची भेट होती.’