फाउंडरभाऊ

टपरीवाल्याने दोन महिन्यांची उधारी मागितली तेव्हा फाउंडरभाऊने खिशात हात घातला आणि मोबाइल काढला. पोरगा स्कॅन करतोय असं वाटून टपरीवाल्याने क्यूआर कोडचा पुठ्ठा फडक्याने पुसून पुढे केला. पण भाऊचे अंगठे भलतीकडेच चालले होते. पाच मिनिटांत लिंक्डइनवर जाहीर झालं की एका छोट्या शहरातल्या साध्या चहावाल्याने आज आपल्याला कॅश फ्लोबद्दल जे शिकवलं, ते कुठलंही बिझनेस स्कूल शिकवू शकणार नाही. प्रत्येक वाक्यानंतर एक मोकळी ओळ. खाली पाच धडे. पाचवा धडा समाजाचं देणं परत करण्याबद्दल होता. उधारी अजून तशीच आहे. धड्यांना मात्र एकशे बारा लाइक पडले, त्यातला एक हैदराबादच्या कुण्या व्हाइस प्रेसिडेंटचा.

फाउंडरभाऊ हा एकच एक माणूस आहे असं समजू नका. तुमसरला एक आहे, साकोलीला एक आहे, पवनीला दोन आहेत आणि ते एकमेकांच्या पोस्टखाली ‘ग्रेट इनसाइट’ लिहितात. आमच्याकडे आमदारापासून पंक्चरवाल्यापर्यंत प्रत्येकाला ‘भाऊ’ लागतो, तसा तो ‘फाउंडर’लाही लागला, इतकंच. मी सांगतोय तो आमच्या ओळीतला, तहसीलच्या रस्त्यावरचा. त्याचा दहा बाय बाराचा गाळा आहे. बाहेर पाटी: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, धान नोंदणी, पॅन कार्ड, लग्नाचा बायोडाटा. ही झाली जमिनीवरची पाटी. आकाशातली पाटी अशी: फाउंडर अँड सीईओ, अ‍ॅग्रीटेक, गव्हर्नन्स-टेक, डिजिटल इन्क्लूजन, एक्स-बँकिंग, ड्रीमर. ठिकाण: ग्रेटर नागपूर.

नागपूर इथून साठेक किलोमीटर. पण भाऊच्या प्रोफाइलवर ते कन्हान ओलांडून, मौदा गिळून, थेट वैनगंगेच्या काठाला येऊन बसलं आहे. “भंडारा लिहिलं तर लोकाईले जेवणाचा भंडारा वाटते नं सर,” असं त्याचं म्हणणं. यावर मी त्याला नावाचा इतिहास ऐकवायला घेतला. लोक म्हणतात, इथे पितळेची भांडी होतात म्हणून भंडारा. जाणकार म्हणतात तसं नाही, रतनपूरला इ.स. ११००च्या सुमाराचा शिलालेख सापडला त्यात ‘भनारा’ आहे, त्याचा हा अपभ्रंश. म्हणजे खुद्द शहराच्या बायोमध्येच दोन मतं आहेत. भाऊने हे लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मंग सर, शिलालेख टाकणाऱ्याले व्ह्यूज किती आले असतील?”

‘एक्स-बँकिंग’चा खुलासा करायला हवा. भाऊ नागपूरला तीन महिने एका कंपनीत फोनवरून क्रेडिट कार्ड विकत होता. चौथ्या महिन्यात आजीची तेरवी आली आणि कारकीर्द संपली. पण ‘एक्स’ राहिलं. यात मला हसण्यासारखं वाटायचं, ते एकदा आमच्या मामा तलावाकडे बघताना थांबलं. बाहेरच्यांना वाटतं कुणा मामाने बांधला असेल. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्या दिवसापासून जिल्ह्यातले शेकडो तलाव अधिकृत कागदोपत्री ‘माजी’ लावून पाणी देत आहेत. ज्या कोहळी लोकांनी पाळी घातल्या, उतार ओळखून पाणी अडवलं, त्यांचं नाव त्यात कुठे नाही. गेलेल्या मालकाचं पद तेवढं राहिलं. सत्तर वर्षं पाणी धरून बसलेले तलाव जर ‘एक्स-मालगुजारी’ म्हणवतात, तर तीन महिन्यांच्या पोराला मी कोण बोलणार?

आणि ‘सध्या चालू’ हेही आम्हाला नवीन नाही. भाऊच्या अनुभवाच्या रकान्यात पाच स्टार्टअप आहेत. एकाचीही शेवटची तारीख नाही. ‘२०१९ ते आजतागायत’, ‘२०२१ ते आजतागायत’. बंद पडलेल्या कुक्कुटपालनाच्या अ‍ॅपचंही आजतागायत. मी टोकलं तर म्हणाला, “सर, गोसेखुर्दचं काय?” मी गप्प झालो. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी, ३७२ कोटींचा मूळ अंदाज, आणि त्यानंतर ते ‘आजतागायत’ आमच्या दोन पिढ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रोफाइलवरचा फोटो मात्र झकास आहे. काळा ब्लेझर, हाताची घडी, नजर थोडी वर, जणू पुढची तिमाही दिसते आहे. हा ब्लेझर गाळ्यातल्या खिळ्याला टांगलेला असतो. पासपोर्ट फोटोसाठी येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो चढवला जातो. पोलीस भरतीचा पोरगा, बँकेची परीक्षा देणारी पोरगी, दुबईला जाणारा वेल्डर, सगळे त्याच ब्लेझरमध्ये. तहसीलच्या फायली चाळल्या तर वाटेल, या तालुक्यात एकाच शिंप्याने मक्ता घेतला आहे. ब्लेझरला मागून बटणं नाहीत. दोन चिमटे आहेत. समोरून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत, आणि समोरून बघण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

भाऊच्या वडिलांचं भांड्याचं दुकान होतं. आता तिथे स्टील आणि नॉनस्टिक असतं, पण दोन-चार पितळी गुंड अजून वरच्या फळीवर आहेत. दुकान भरात होतं तेव्हा लग्नसराईत नाव टाकणारा माणूस दारातच बसायचा. छिन्नी, बारीक हातोडी, टिक टिक टिक. अक्षरामागे पैसे. त्यामुळे गिऱ्हाइकं नावाच्या बाबतीत फार संयमी असायची. ‘चि. सौ. कां.’वरून ‘सौ.’वर येत, गावाचं नाव गाळत, शेवटी आडनावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. त्या बाबांना पोराने समजावून सांगितलं की प्रोफाइलच्या मथळ्याला २२० अक्षरांची जागा मिळते.

“अक्षरामागे किती?”

“फुकट बाबा.”

“मंग बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “फुकट आहे म्हून तं एवढं लिवते लोकं.”

एवढं बोलून ते गुंड पुसायला लागले. मला त्यांचं पटलं. आणखी एक गोष्ट मला त्या फळीकडे बघताना सुचली. पितळेच्या भांड्याला बाहेरून चिंच लावून चकाकी आणतात, पण कल्हई आतून करतात. कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हईवाला दारोदार हिंडायचा. भट्टी, कथील, नवसागर, आणि कापसाचा एक सराईत फेरा. बाहेरून कितीही चकचकीत असो, घरची बाई आधी आत बघायची. लिंक्डइनवर आत बघायची सोय नाही. तिथे रोज चिंच लावायची असते, आणि भाऊ ती नेमाने लावतो. सकाळी साडेआठला एक पोस्ट, कारण तेव्हा बंगळुरूची माणसं ट्रॅफिकमध्ये मोबाइल बघत असतात. दुपारी दुसऱ्यांच्या पोस्टखाली अभिप्राय. रात्री, कुणी आपलं प्रोफाइल पाहिलं याची तपासणी. एवढ्या काटेकोरपणे त्याने कधी धानाला पाणी दिलं असतं तर, असं त्याची आई म्हणते. ती पुढचं वाक्य बोलत नाही.

हे मथळे पाहून शहरातले लोक चक्रावतात. आम्ही झाडीपट्टीवाले नाही चक्रावत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्रभराची नाटकं सुरू होतात. वडसा देसाईगंजहून कंपन्या निघतात आणि गावोगावी पोस्टरं लागतात. त्यावर नुसतं नाव कधी नसतं. विनोदाचा बादशहा, हास्यसम्राट, खलनायकांचा खलनायक, अवघ्या महाराष्ट्राची लाडकी लावणीसम्राज्ञी. तबला वाजवणाराही तबलानवाज असतो. लिंक्डइन २००३ साली सुरू झालं. आमच्याकडे माणसाला मथळा लावायची कला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फरक एवढाच की झाडीपट्टीत बादशहा रात्री दहाला स्टेजवर येतो. लोक नाही हसले तर दुसऱ्या मंडईला त्याचं बुकिंग होत नाही.

शिफारशींचं खातंही आमच्या ओळखीचं निघालं. प्रोफाइलवर आपली कौशल्यं लिहायची आणि ओळखीच्यांनी त्यावर बोट ठेवून ‘हो, याला येतं’ म्हणायचं. भाऊच्या ‘स्ट्रॅटेजिक लीडरशिप’ला एकोणचाळीस जणांनी दुजोरा दिलाय. त्यात पानठेलेवाला आहे, दोन मावसभाऊ आहेत आणि एक माणूस असा आहे ज्याला भाऊ स्वतःच ओळखत नाही. हे सगळं आहेराच्या वहीसारखं चालतं. तू माझ्या लीडरशिपला दिलं, मी तुझ्या पब्लिक स्पीकिंगला देतो. न दिल्यास नाराजी. मोहाडीच्या एका फाउंडरभाऊशी त्याचं बोलणं बंद आहे, कारण त्याने परतफेडीत फक्त ‘एमएस वर्ड’ला दुजोरा दिला.

२०२४पासून हे सगळं मराठीतही बघता येतं. भाऊने एकदा भाषा बदलून पाहिली आणि दचकून परत फिरवली. ‘संस्थापक’ म्हटलं की विदर्भात माणसाला शाळेचं अनुदान आठवतं. ‘धोरणात्मक नेतृत्व’ वाचून त्याला वाटलं कलेक्टर ऑफिसचं परिपत्रक आलं. “इंग्रजीत कसं सर, खोटं वाटत नाही.” इतका प्रामाणिक माणूस ऑनलाइन धंद्यात कसा टिकणार, याची मला काळजी वाटते.

मीही यातून सुटलो नाही, हे कबूल केलेलं बरं. मी निवृत्त मास्तर. एका दुपारी पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला गेलो तर भाऊ म्हणाला, “सर, तुमचं नेटवर काहीच नाही. म्हणजे तुम्ही आहेच नाही नं.” हातात हयातीचा दाखला असलेल्या माणसाला हे बोलणं म्हणजे कमाल होती. पण त्याने खुर्ची दिली, ब्लेझर चढवला, मागून चिमटे लावले. अर्ध्या तासात माझी चौतीस वर्षांची खडूची धूळ झटकून माझा ‘ग्रासरूट ह्युमन कॅपिटलचा मेंटॉर’ झाला. आता मी रोज रात्री कुणी पाहिलं ते बघतो. आठवड्यात तिघांनी पाहिलं. एक भाऊ. दुसरा मोहाडीचा तो. तिसरा भाऊच, दुसऱ्या खात्यावरून.

एवढं सगळं असूनही गाळ्यापुढे रांग असते. आणि त्या रांगेतल्या कामांपैकी एकही आकाशातल्या पाटीवर नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. त्यात सात-बारावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. कुठे ‘राव’ जास्त, कुठे बापाचं नाव गायब, कुठे गावाचं स्पेलिंग तिसरंच. हे जुळवण्यात भाऊचा हात धरणारा तालुक्यात नाही. कुणाच्या कागदावर कोणती चूक आहे हे त्याला तोंडपाठ आहे. नोंदणीच्या दिवसांत सर्व्हर दिवसा बसतो, म्हणून तो रात्री दोनपर्यंत गाळा उघडा ठेवतो. बाहेर बायका टॉवेल अंथरून झोपलेल्या असतात. याची पोस्ट कर, मी म्हटलं. त्याने तोंड वाकडं केलं. “यात इनोव्हेशन काय आहे सर?”

परवाची गोष्ट. अकराची वेळ, रांग तहसीलच्या फाटकापर्यंत. भाऊने ब्लेझर घातलेला, कारण साडेअकराला बंगळुरूच्या एका कंपनीचा व्हिडिओ कॉल होता. प्रोफाइल बघून त्यांनीच संपर्क केला होता; ग्रामीण भागात भागीदार हवा होता. कॉल लागला. भाऊ गाळ्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे चिमटे दिसू नयेत. मागे वैनगंगेच्या पुलाचं चित्र लावलेलं. इंग्रजी सुरू झालं. इकोसिस्टीम, लास्ट माइल, ऑनबोर्डिंग.

इकडे काउंटरवर एक म्हातारी तिसऱ्यांदा ई-केवायसीला आलेली. भाऊच्या चुलतभावाने तिचा अंगठा मशीनवर ठेवला. ओळख जुळत नाही. दुसरा अंगठा. जुळत नाही. चाळीस पावसाळे पऱ्हे उपटून रोवणी केलेली बोटं. चिखलाने रेषा कधीच खाऊन टाकलेल्या. तिला सगळं गाव ओळखतं, मशीन सोडून.

“ए झेराक्सवाल्या!” म्हातारीने मागच्या भिंतीकडे बघून हाक मारली. “माही तिसरी खेप हाय. अंगठा घेतं का जाऊ?”

फोनमधून बंगळुरूने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

“सॉरी सर,” भाऊ म्हणाला, “क्लायंट एस्कलेशन.” आणि कॅमेरा चालू ठेवूनच काउंटरवर आला. ड्रॉवरमधून व्हॅसलिनची डबी काढली, म्हातारीच्या अंगठ्याला जराशी चोळली, आणि जास्तीचं पुसायला फडकं सापडेना म्हणून ब्लेझरच्या बाहीला पुसलं. मग तिचा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरून, थोडा तिरका करून, दाबून मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

“झालं आजी. दहा रुपये द्या.”

“मागच्या खेपेचे दिले होते.”

“बरं मंग, जा.”

तिकडे बंगळुरूच्या पडद्यावर भाऊची पाठ आणि दोन चिमटे स्पष्ट दिसत होते.