एक पैसा कमी

आमचे नाना इजिप्तला आठ दिवस जाऊन आले, त्याला दोन वर्षं होतील. पण तळेगाव स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते अजून तिथून परतलेले नाहीत.

गळ्यात निळा डोळा. पिरॅमिड पाहिले, ममी पाहिल्या, मनात भरला तो होरस या ससाणामुखी देवाचा डोळा. "सेत देवानं उपटला, थोथ देवानं बरा करून परत दिला. म्हणून नाव वजेत. म्हणजे धड, शाबूत. ही गालावरची रेघ बघा, ससाण्याची. ममीच्या पट्ट्यांत हाच ताईत गुंडाळायचे." आपलं ग्रामदैवत डोळसनाथ, हा नाना योगायोग मानत नाहीत. देवाला अजून कुणी विचारलेलं नाही.

पण नानांची हयात बँकेच्या गल्ल्यावर गेली. त्यांचा जीव अडकलाय तो डोळ्याच्या हिशेबात.

"डोळ्याचे तुकडे सहा. एकेक म्हणजे धान्याचं माप: निम्मं, पाव, असं निम्मं-निम्मं करत १/६४ पर्यंत. म्हणजे आपली अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं! करा बेरीज. पायली भरते? एक निळवं कमी! रुपयात धरा. जुन्या रुपयाचे पैसे ६४, जमतात ६३."

इथं नाना गप्प होतात. गल्ला जुळला नाही की रात्री नऊपर्यंत बसून राहायचे, तसे. मग हळूच, "तो पैसा थोथनं जादूनं भरला म्हणतात. आपल्याकडं? अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला. त्याचा काचकारखाना १९०८ साली निघाला कुठं? इथं, तळेगावात!"

पुतणी इतिहास शिकते. ती म्हणाली, "काका, हे तुकड्यांचं गणित आता अभ्यासक मानत नाहीत. धान्याच्या त्या खुणा मुळात डोळ्यातून आलेल्याच नाहीत."

"त्यांनी कधी गल्ला जुळवलाय?"

काकूंचं मत आटोपशीर आहे: थोथ नव्हे, थोतांड.

चहा पंधरा रुपये. नाना चौदा ठेवतात, "बाकी थोथ भरेल." टपरीवाल्यानं वाद घातला नाही. उधारीच्या वहीत नवं पान काढलं, वर लिहिलं 'थोथसाहेब'. परवा मी डोकावलो. बाकी ४७ रुपये. खाली तांबड्या शाईत बरोबरची खूण, आणि नानांची सही.