दमसासाचा निकाल

माझी धाप ही आमच्या उणकलच्या घरातली सामायिक मालमत्ता आहे. तळ्याच्या बांधावर मी जरा झपझप चालून थांबलो, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. सौ.चा पक्ष फुप्फुसांचा. “बँकेत असताना ओढलेल्या सिगारेटी आता व्याजासकट वसूल होताहेत,” हे त्यांचं ठरलेलं भाषण. दादाचा पक्ष हृदयाचा. त्याला स्वतःला स्टेंट बसल्यापासून दुसऱ्याच्या ढेकरेतसुद्धा झटका ऐकू येतो. मी अपक्ष. गंगूबाई हनगलांच्या हुबळीत राहणाऱ्या माणसाच्या दमसासावर शंका घ्यावी, हेच मला मान्य नव्हतं. गाण्याशी माझा संबंध फक्त ऐकण्यापुरता आहे, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते स्टेशनवर. आमच्या सिद्धारूढ स्वामी स्टेशनचा प्लॅटफॉर्म १५०७ मीटर लांब. २०२३ साली उद्घाटन झालं तेव्हा जगात सर्वांत लांब म्हणून गाजला. पुण्याहून आलेल्या मेहुण्याची बॅग हिसकावून घेऊन मी चालता चालता ही माहिती देत होतो. ‘पंधराशे’ उभ्यानं म्हणालो, ‘सात’ बाकावर बसून. ‘मीटर’ मेहुण्यानंच म्हटलं आणि बॅग परत घेतली.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “बसल्या जागी हृदय आणि फुप्फुसं दोघंही साळसूद असतात. कामाला लावल्याशिवाय दोषी कोण ते कळत नाही.” म्हणून कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट ठरली. सायकल चालवायची, तोंडावर मास्क, आणि प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजणार. घरात निकालाच्या आदल्या रात्रीचं वातावरण होतं.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन अनुभवी मंडळी भेटली. एक आमच्याच उणकलच्या आजी. जन्मात विडीला हात लावला नाही, पण चुलीच्या धुरानं श्वासनळ्या अरुंद केलेल्या. अशा नळ्यांतून श्वास बाहेर पडायला वेळ लागतो. चालताना श्वासाची घाई झाली, की जुनी हवा निघायच्या आत नवी आत येते. चिगरी बसमध्ये उतरणारे दारात असतानाच चढणारे घुसतात, तसं. छाती हवेनं भरलेली आणि तरी हवा हवीच. म्हणून आजी शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश श्वास सोडत होत्या.

दुसरे रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका. “माझं पंपिंग पस्तीस टक्के,” असं ते नोकरीतला हुद्दा सांगावा तसं म्हणाले. त्यांच्या नळ्या मोकळ्या. पण हृदय स्नायूंना पुरेसं रक्त पोहोचवत नाही, स्नायूंत आम्ल लवकर साठतं आणि श्वास भराभर, उथळ होतो. निरोगी माणूस एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला साधारण पंचवीस ते तीस लिटर हवा हलवतो. हृदय थकलेल्या माणसाला त्याहून बरीच जास्त हलवावी लागते. बोटावरच्या चिमट्यात आजींचा ऑक्सिजन चालताना खाली यायचा, काकांचा जागच्या जागी राहायचा. दोघांची धाप दिसायला सारखी, हिशेब वेगळे.

“तुम्हाला काय आहे री?” आजींनी विचारलं. “ते आज कळेल,” मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

आत छातीवर जागोजागी हजामत करून तारा चिकटवल्या. आधी फुंकर मारायची तपासणी. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते तिला चाळीसनं गुणलं, की मिनिटाला जास्तीत जास्त किती हवा हलवता येईल याचा अंदाज मिळतो. माझे अडीच लिटर, म्हणजे शंभर. “शंभरपैकी शंभर!” मी दादाला काचेतून खुणावलं.

सायकल सुरुवातीला फुकट फिरत होती. मी तंत्रज्ञ मुलीला प्लॅटफॉर्मची लांबी सांगू लागलो. “मातनाडबेड्री सर,” म्हणजे बोलू नका, असं ती म्हणाली. मग पायडल जड होत गेलं. समोर शून्य ते दहाचा तक्ता होता. किती धाप लागली ते बोटानं दाखवायचं. मी बाणेदारपणे दोनवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, घाम तक्त्यावर ठिबकत होता. मुलीनं माझ्याकडे बघून काहीतरी लिहिलं. ते दोन नसावं. शेवटी मी मास्कमधून “साकु! साकु!” म्हणजे ‘पुरे! पुरे!’ असं ओरडलो. तिला ते उत्साहाचं वाटलं असावं. “जोर, इन्नू जोर!” ती म्हणाली.

निकाल ऐकायला दोन्ही पक्ष हजर होते. शंभरपैकी जेमतेम पंचावन्न लिटर वापरले. म्हणजे फुप्फुसांकडे भरपूर शिल्लक. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब चोख, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, हृदयाचा आलेख स्वच्छ. फक्त स्नायूंनी फार लवकर हात टेकले. “मग आजार कोणता?” दादानं आशेनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “खुर्ची.”

सौ. आणि दादा यांची त्या क्षणी युती झाली. आता मला कोणी पाणी आणून देत नाही, बॅगा मात्र सगळ्या मला देतात. डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही चालायला सांगितलं आहे. आजी आणि काकांना मोजूनमापून, लक्ष ठेवून, मला नुसतंच. त्यामुळे सकाळी तळ्याकाठी आम्ही एकत्र असतो. आजी ठरल्या जागी थांबतात, ओठांचा चंबू करून श्वास सोडतात आणि पुढं निघतात. काका नाडी बघत संथ चालतात. लोक त्यांना वाट देतात, बाकावर जागा देतात.

परवा मीही त्या बाकावर टेकलो. एक तरुण पोरगा आला. “काका, तुम्हाला पण हार्टचं आहे का?”

“नाही.”

“मग दम्याचं?”

“नाही.”

“मग उठता का? या आजींना बसू द्या.”

मी उठलो. आजी बसल्या, मला न्याहाळलं आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली. “घ्या री. आजार नसलेल्याचे हाल कोण बघतंय!”